माजघरातले गुपित

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचली जाई. चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ अशी महिन्याच्या महिन्याला निघत होती. हप्त्याची किंमत एक शिलिंग. त्यात वर्षानुवर्षे चाललेला वारसाचा दावा आहे आणि एका प्रतिष्ठित बाईने लपवलेली लेक आहे. अखेर नवे मृत्युपत्र सापडते, पण तोवर सगळी इस्टेट दाव्याच्या खर्चातच संपलेली असते! बांधाच्या भांडणात दोन पिढ्या घालवलेल्या आमच्या वारणाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यात क्रमशः छापली. आपट्यांचे इंग्रजी वाचन दांडगे. तरीही त्यांच्या यमूची गोष्ट मृत्युपत्राच्या चोरकप्प्यावर उभी नाही. मला वाटते, त्याची गरजच नव्हती. एकत्र कुटुंबात नवरा वारला की त्याचा हिस्सा भाऊबंदांकडे राही आणि निपुत्रिक विधवेच्या वाट्याला अन्नवस्त्र येई. हे साऱ्या घराला ठाऊक. मग लपवायचे काय? लपवायची ती खुद्द विधवाच. रघुनाथराव जातात, शंकरमामंजींच्या घरात यमूचे जबरदस्तीने केशवपन होते, आणि हे सारे ती स्वतःच्या तोंडाने सांगते. ज्यांच्या घरी दर आठवड्याला अंक येई, त्यांच्याही माजघरात आलवण नेसलेली एखादी आत्या असेच. गुपित फुटले ते वाचकाच्या घरचे.

१९५६ च्या कायद्याने विधवा आणि मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस ठरल्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. तरी वडील गेले की सातबाऱ्यावर वारसनोंद होते आणि पाठोपाठ बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. कारखान्याचा शेअर भावाच्या नावे. ‘माहेर तुटायला नको’ म्हणून सही होते. पुढे त्या कागदाचा विषय घरात कोणी काढत नाही.

वारणानगरला ही कादंबरी शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, माझ्या आईनं सही केलेला कागद आता वाचायला मिळंल का?”

मी म्हटले, “नोंदणी झाली असेल, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नक्कल मिळते.” तिने वहीच्या पाठीमागे ते लिहून घेतले.