दोन प्रवाहांचे सहा

स्टिरिओ मुद्रणांत ध्वनीचे प्रवाह दोन, ५.१ पद्धतींत सहा. उरलेले चार आणावयाचे कोठून? ऑडॅसिटीसारख्या संपादन-सॉफ्टवेअरमध्यें डाव्याउजव्यांची बेरीज केली कीं मध्यभागीं असलेला गायकाचा आवाज ठसठशीत होतो. तो मधल्या कर्ण्यास द्यावा. एक प्रवाह उलटवून दुसऱ्यांत मिळविला म्हणजे वजाबाकी होते. गायक बहुधा लोपतो, सभागृहाचा घुमारा उरतो. तो सुमारें २० मिलिसेकंद उशिरानें मागील दोन कर्ण्यांकडे सोडावा. एरव्हीं गाणेंच पाठीमागून आल्याचा भास होतो. १२० हर्ट्झखालील खर्ज सहाव्यास.

जुन्या मोनो मुद्रणांत मात्र वजाबाकी शून्य! तेथें कृत्रिम घुमारा भरणें म्हणजे गवयास त्यानें कधीं न पाहिलेल्या सभागृहांत बसविणें. तें कोणी करूं नये. मूळ फाईल निराळी ठेवावी, कारण सहांतून ते दोन प्रवाह तंतोतंत परत मिळतीलच असें नाहीं.