रिसलिंगची बाटली कधी उघडावी?

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी वेलेन नावाचं गाव आहे. गावासमोरच्या उभ्या चढावर, पाटीच्या दगडात, द्राक्षांचा मळा आहे आणि त्या मळ्यात 1842 साली योडोकुस प्रूम यांनी बांधलेलं सूर्यघड्याळ आहे. मळ्याचं नावच त्यावरून पडलं, ‘वेलेनर झोनेनऊर’. इथल्या रिसलिंग द्राक्षाची ‘श्पेटलेझे’, म्हणजे उशिरा तोडलेल्या पिकलेल्या द्राक्षांची वाइन, वीस-पंचवीस वर्षं सहज टिकते. मग ती उघडायची कधी? जाणकारांची कोष्टकं एखादं साल सांगतात आणि लोक ते मुहूर्तासारखं पाळतात. माझं म्हणणं असं की रिसलिंगला असा एकच मुहूर्त नसतो. फळाचा ताजेपणा अजून शिल्लक आहे आणि मुरल्याची चवही उतरली आहे, असा एक लांबलचक काळ असतो. त्या काळाच्या पूर्वार्धात बाटली उघडावी, आणि तो काळ आला की नाही हे वाइनलाच विचारावं.

हे पटायचं तर बाटलीत काय घडतं ते पाहायला हवं. अशा वाइनमध्ये मद्यार्क कमी, बहुधा 8 टक्क्यांच्या आसपास. आम्ल मात्र भरपूर आणि जोडीला द्राक्षाची न आंबलेली साखर. नव्या ओकच्या पिंपाचा वास तिला सहसा लावत नाहीत, त्यामुळे वयाबरोबर जे येतं ते द्राक्षातूनच येतं. पहिल्या काही वर्षांत फुलांचा, हिरव्या सफरचंदाचा, पांढऱ्या पीचचा गंध असतो. हे गंध देणारी द्रव्यं आम्लात हळूहळू मोडतात आणि मंद होतात. मग पुष्कळदा अशी काही वर्षं येतात की तारुण्य ओसरलेलं असतं आणि मुरलेपण आलेलं नसतं. वाइन मुकी वाटते. त्यानंतर मध, सुकलेला जर्दाळू, भाजलेला पाव असे गंध वर येतात. गंमत अशी की साखर आणि आम्ल दोन्ही जवळपास तेवढीच राहतात, पण जिभेला गोडी कमी लागते. लिंबाचं लोणचं मुरलं की आंबट, खारट आणि गोड वेगवेगळे लागेनासे होतात, तसंच काहीसं हे. तरुण श्पेटलेझे जेवणाबरोबर फार गोड वाटते म्हणणाऱ्यांनी हीच वाइन पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा चाखावी.

इथे एक आक्षेप येतो. मुरलेल्या रिसलिंगला रॉकेलसारखा वास येतो. तो आला की वाइन तयार झाली असं समजावं, एवढी सोपी खूण असताना बाकीची चर्चा कशाला? हा वास खरा आहे. द्राक्षातली कॅरोटिनॉइड द्रव्यं मोडून टीडीएन नावाचं संयुग तयार होतं, त्याचा तो वास. पण द्राक्षाच्या घडांवर कडक ऊन पडलं की हे संयुग जास्त होतं, म्हणून उष्ण प्रदेशातल्या रिसलिंगला तो कोवळ्या वयातही येऊ शकतो. बाटली गरम जागी ठेवली तरी तो लवकर येतो. शिवाय लाकडी बूच त्यातला बराच भाग शोषून घेतं, स्क्रू कॅप घेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या अनेक उत्पादकांनी 2000 सालच्या हंगामापासून स्क्रू कॅप स्वीकारली. तिथल्या आणि मोझेलच्या बाटलीत वासाचा जोर सारखा असला तरी वय सारखं असेलच असं नाही. तेव्हा या वासाला घड्याळ मानू नये. त्याच्या आड फळ आहे का, लिंबाची साल, पीच, निदान मध तरी जाणवतो का, हे शोधावं. नुसतं रॉकेल उरलं असेल तर उशीर झालेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थांबणाऱ्यालाच मोठं फळ मिळतं, असं म्हणणारे 1921, 1959, 1971 या हंगामांच्या बाटल्यांकडे बोट दाखवतात. त्यांतल्या काही आजही थोर आहेत, हे मान्यच. पण अशी कीर्ती बहुतेक वेळा ‘ट्रोकनबेरेनआउसलेझे’सारख्या, वेलीवरच सुकलेल्या द्राक्षांच्या अतिगोड वाइनची असते, आणि त्या बाटल्या वर्षानुवर्षं थंड तळघरात न हलता पडून होत्या. ज्या बिघडल्या त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. हंगामाचाही फरक पडतोच. 2003 च्या उष्ण उन्हाळ्यात आम्ल कमी पडलं, 2010 ला ते फार चढं होतं. या दोन बाटल्यांना एकच वय लावणं चुकीचं. शिवाय दोन चुकांची किंमत सारखी नाही. लवकर उघडलेली चांगली रिसलिंग तरुण म्हणून का होईना, आनंद देतेच. उशिरा उघडलेल्या बाटलीत, रंग तपकिरी आणि चव पोकळ झाल्यावर, काहीच हाती लागत नाही.

आपल्याकडे तर घाई करण्याला आणखी एक कारण आहे. 12 अंशांच्या तळघरासाठी सांगितलेली वीस वर्षं पुण्या-नागपूरच्या कपाटात लागू पडत नाहीत. एप्रिल-मेची उष्णता वाइनला झपाट्याने म्हातारी करते. वाइनचा खास फ्रीज नसेल तर विकत घेतलेली रिसलिंग वर्ष-दोन वर्षांत संपवावी. साठवायचीच असेल तर एकाच हंगामाच्या तीन-चार बाटल्या घ्याव्यात आणि एक लवकर उघडावी. उघडण्याआधी बाटली उजेडाकडे धरा. फिकट हिरवट-पिवळा रंग म्हणजे तरुण, लखलखीत सोनेरी म्हणजे मुरलेली; मळकट तपकिरी असेल किंवा वाइनची पातळी गळ्यापासून खाली उतरली असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. साधारण 10 अंशांवर ओता, पेल्यात हळूहळू खुलू द्या, आणि अर्धी बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती अधिक खुललेली लागली तर तिच्या भावंडांना अजून काही वर्षं द्या. एका रात्रीत उतरली असेल, तर उरलेल्या बाटल्या याच वर्षी मित्रमंडळींना बोलावून पिऊन टाका.