शाप नव्हे, आजार : मेडेलिनच्या मेंदू-संशोधकांकडून काय शिकायचे?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवते. आजचा विषय मी मागून घेतला, त्याला कारण माझी दादी आहे. सत्तरी ओलांडल्यावर दादी हळूहळू विसरू लागली. चहात साखरेऐवजी मीठ टाकायची. नमाजाला उभी राहिली की किती रकात झाल्या हे तिला आठवायचे नाही, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एके दिवशी तिने माझ्या अब्बांना विचारले, "तुम्ही कोण? कुणाकडे आलात?" घरात ठरले की हिच्यावर काहीतरी असर झालाय. एका बाबाकडे नेले. तावीज झाले, फुंकलेले पाणी झाले, खोली बंद करून धूर झाला. त्या धुराला ती लहान मुलासारखी घाबरायची. यात दोन वर्षे गेली. शेवटी डॉक्टरकडे नेले तेव्हा त्यांनी पहिल्याच भेटीत 'डिमेन्शिया' हा शब्द उच्चारला.

पुढे मी या आजाराबद्दल वाचू लागले आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या संशोधक गटापर्यंत पोहोचले. त्यांचीच गोष्ट आज सांगणार आहे. ती माणसे कोलंबियाची, भाषा स्पॅनिश, धर्म कॅथलिक. पण वाचताना मला सारखे आपले मोहल्ले आठवत होते.

कोलंबियात अँटिओकिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे आणि मेडेलिन ही त्याची राजधानी. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अँटिओकिया विद्यापीठात फ्रान्सिस्को लोपेरा नावाचा तरुण डॉक्टर मेंदूविकारांचे शिक्षण घेत होता. त्याच्याकडे बेल्मिरा गावचा एक रुग्ण आला. पन्नाशीही गाठली नव्हती, पण स्मृती पार गेलेली. घरच्यांनी सांगितले, याच्या बापाला हेच झाले होते, आजोबालाही हेच. लोपेरा औषध लिहून देऊन थांबला नाही. तो त्या कुटुंबाच्या गावी गेला.

गावात या आजाराला नाव होते 'बोबेरा'. म्हणजे खुळेपणा. कुणी म्हणे ही करणी आहे, कुणी म्हणे पूर्वजांनी चर्चच्या दानपेटीतले पैसे चोरले म्हणून पाद्र्याने घराण्याला शाप दिला. कुठल्याशा झाडाला हात लागल्याने हे होते असेही काही जण मानत. ओळखीचे वाटते ना? आपल्याकडे झाड चिंचेचे असते, एवढाच फरक.

लोपेरा आणि परिचारिका लुसिया माद्रिगाल यांनी घराघरांत जाऊन वंशावळी लिहायला सुरुवात केली. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत जन्म, लग्ने आणि मृत्यू लिहिलेले असत. ते धागे जुळवत ते अठराव्या शतकापर्यंत मागे गेले. हे काम सुरू असताना त्या भागात बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि अमली पदार्थांचे तस्कर यांचा हिंसाचार चालू होता. गटातल्या एका परिचारिकेला बंडखोरांनी काही दिवस डांबून ठेवले होते. तरी काम थांबले नाही. हळूहळू कळले की वेगवेगळ्या गावांतली ही कुटुंबे एकाच मोठ्या घराण्याच्या फांद्या आहेत. सुमारे 6,000 माणसे, आणि त्यातल्या सुमारे 1,200 जणांच्या शरीरात आजाराचे मूळ. अनुवंशिक अल्झायमरचे जगातले हे सर्वांत मोठे ज्ञात घराणे ठरले.

ते मूळ 1995 साली सापडले. आपल्या चौदाव्या गुणसूत्रावर प्रेसेनिलिन-1 नावाचे एक जनुक असते. या घराण्यात त्या जनुकातले एकच अक्षर बदललेले आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून ते आले तरी पुरे. म्हणजे प्रत्येक मुलाच्या बाबतीत नाणेफेक. छापा पडला तर साधारण चव्वेचाळिसाव्या वर्षी विसरभोळेपणा दिसू लागतो आणि एकोणपन्नासच्या आसपास पूर्ण डिमेन्शिया.

एका अक्षराने एवढे काय बिघडते? मेंदूच्या पेशींवर एक लांब प्रथिन असते. त्याचे तुकडे करणारी एक कात्री असते, आणि प्रेसेनिलिन हा त्या कात्रीचा भाग आहे. कात्री चुकीच्या जागी चालली की अमायलॉइड नावाचा चिकट तुकडा जास्त तयार होतो आणि पेशींच्या बाहेर साचत जातो. पुढे पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. पेशी मरू लागतात, आणि नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला फार लवकर फटका बसतो. म्हणून माणूस लहानपणचे गाणे म्हणतो, पण सकाळी काय खाल्ले ते सांगू शकत नाही. दादी पुन्हा पहिल्या रकातीपासून का सुरू करायची, हे मला ती गेल्यानंतर समजले.

आता एक आकडा लक्षात ठेवा. या घराण्यातल्या तरुणांच्या मेंदूच्या चित्रणात असे दिसले की अमायलॉइड साचायला सरासरी अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात होते. लक्षणे दिसण्याच्या सुमारे सोळा वर्षे आधी! म्हणजे इथे बसलेल्या अनेकांच्या वयात. आपण 'म्हातारपणाचा आजार' म्हणतो, पण त्याची सुरुवात भर तारुण्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना झालेली असते.

यातून प्रश्न आला : लक्षणांच्या आधीच औषध दिले तर? 2013 मध्ये या घराण्यातल्या 252 निरोगी माणसांवर क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी सुरू झाली. त्यात एक काळजी घेतली होती. जनुक नसलेल्यांनाही चाचणीत घेतले आणि त्यांना नुसती औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी मात्रा दिली. त्यामुळे कुणी चाचणीत आहे एवढ्यावरून त्याच्यात जनुक आहे की नाही हे त्याला स्वतःलाही कळत नव्हते, शेजाऱ्यालाही नाही. माणसे पाच-पाच, आठ-आठ वर्षे इंजेक्शने घेत राहिली. जून 2022 मध्ये निकाल लागला. औषधाचा ठोस फायदा दिसला नाही.

विचार करा, त्या घरांत त्या दिवशी काय झाले असेल. पण संशोधकांनी तो निकाल जगापुढे मांडला. माझ्या मते विज्ञान आणि बाबागिरी यांतला फरक इथे आहे. बाबाचे तावीज कधीच चुकत नाही, चुकते ते घेणाऱ्याचे ईमान. विज्ञान मात्र 'आमचे चुकले' म्हणते आणि पुन्हा कामाला लागते.

याच घराण्यातल्या एका बाईने संशोधकांना नवी दिशा दिली. तिच्यात ते जनुक होते, चाळिशीत विसरायला लागायला हवे होते, पण ती सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी ठीक राहिली. तपासले तर तिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर, पण टाऊचा गुंता फार कमी. तिच्यात 'क्राइस्टचर्च' नावाचा आणखी एक दुर्मीळ जनुकीय बदल होता, तोही आई आणि बाप दोघांकडून आलेला. 2019 साली हे प्रसिद्ध झाले. मग 2024 मध्ये दिसले की एकाकडूनच तो बदल मिळालेल्या 27 जणांमध्येही आजार सुमारे पाच वर्षे उशिरा सुरू झाला. या बदलाची नक्कल करणारे औषध बनवता येईल का, यावर आता काम चालू आहे. त्या बाईने मृत्यूनंतर आपला मेंदूही गटाला दिला. 1995पासून त्या विद्यापीठाच्या मेंदूपेढीत असे शेकडो मेंदू जमा झाले आहेत. मृत्यूची खबर आली की गटाची माणसे तातडीने पोहोचतात, मेंदू घेतात आणि देह दफनासाठी कुटुंबाकडे परत देतात. लोपेरा सप्टेंबर 2024 मध्ये गेले. चाळीस वर्षे हे काम त्यांनी एकाच घराण्याबरोबर केले.

आता आपल्याकडे येऊ. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यातले अनेक आपल्या घरांत आहेत. त्यांना आपण 'सठिया गये' म्हणतो किंवा 'असर' म्हणतो. असर म्हटले की पुढे काय होऊ शकते? 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. 28 जण जळून मेले. आज मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे हा गुन्हा आहे. हे दोन कायदे तोंडपाठ असू द्या.

कुणी म्हणेल, हे सगळे पाश्चात्त्यांचे विचार. तसे नाही. 1284 साली कैरोत उभ्या राहिलेल्या मन्सुरी बिमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळा कक्ष होता. इब्न सिनाने आपल्या वैद्यकग्रंथात डोक्याच्या आणि मेंदूच्या आजारांवर सविस्तर लिहिले. हा वारसा आपला आहे, धुराची खोली नव्हे. दुआ जरूर करा, पण दवा थांबवून नको.

जाताना चार कामे सांगते.

पहिले, घरातले मोठे माणूस तेच तेच विचारू लागले, ओळखीची वाट चुकू लागले, तर त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. कधी कधी कारण थायरॉइड किंवा बी-12ची कमतरता असते, आणि ते औषधाने सुधारते.

दुसरे, नानी-दादीजवळ बसून घराण्याच्या आजारांची वंशावळ लिहा. लोपेरांच्या गटाची सुरुवात अशाच एका वहीपासून झाली.

तिसरे, मेंदूदानावर घरात बोला. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 1995पासून मेंदूपेढी आहे. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि मी फतवा द्यायला उभी नाही. पण मतभेद आहेत म्हणून बोलायचेच नाही, हे मला मान्य नाही.

चौथे, आपल्या पोरींना शिकवा. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये मांडले की जगातला जवळजवळ 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे. त्यासाठी चौदा कारणांवर काम करावे लागेल : रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, ऐकू न येणे, एकटेपणा वगैरे. त्या यादीत लहानपणी शिक्षण न मिळणे हेही एक कारण आहे. माझ्या दादीची शाळा चौथीत सुटली होती. तिला शिकवले असते तर आजार टळलाच असता असे मी म्हणत नाही. पण तिच्या नातीने हा आकडा वाचल्यावर शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी जायचे ठरवले आहे. तुम्हीही माझ्याबरोबर या.