‘हो ना?’ हे शेपूट

मैत्रिणींनो, रॉबिन लेकॉफ हे नाव परकं वाटेल, पण त्यांनी दाखवलेली कोंडी आपल्या ओळखीची आहे.

१९४२ साली अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी १९६७ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली. पहिलं मोठं काम लॅटिन वाक्यरचनेवर, म्हणजे अगदी तात्त्विक. व्याकरणात अर्थाला दुय्यम मानू नका, म्हणून चॉम्स्कींशी वाद घालणाऱ्या तरुणांत त्या होत्या. पुढे बर्कलीला शिकवू लागल्या आणि १९७५ मध्ये ‘लँग्वेज अँड वुमन्स प्लेस’ हे पुस्तक आलं. मुलींना ‘बहुतेक’, ‘मला आपलं वाटतं’, शेवटी ‘हो ना?’ असं बोलायला शिकवतात. तसं बोललं तर कुणी मनावर घेत नाही. न बोललं तर उद्धट!

टीकाही झाली. आधार होता स्वतःच्या नि ओळखीच्यांच्या बोलण्याचा, म्हणजे गोऱ्या मध्यमवर्गाचा. १९८० मध्ये ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांनी कोर्टातल्या साक्षी तपासून दाखवलं, की हे बोलणं बाईपणापेक्षा सत्ता नसण्याशी जोडलेलं आहे. मला हे जास्त पटतं.

एकदा एका मारहाण झालेल्या बाईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. ती म्हणाली, “बहुतेक साडेआठ वाजले असतील.” लिहिलं गेलं, ‘वेळ सांगता येत नाही.’ हात मोडला होता, तो काही ‘बहुतेक’ नव्हता.

लेकॉफबाई २०२५ मध्ये गेल्या. आम्ही आता जबानीआधी बाईला सगळं एकदा आमच्यापुढे सांगायला लावतो. कुठलं ‘बहुतेक’ खरं नि कुठलं सवयीचं, ते तीच ठरवते.