बी जपणाऱ्या हातांना फूल का नाही?

(गोंदिया जिल्ह्यातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज मला फुलांच्या बियांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, मजुरी, दारू, मारहाण सोडून ही बाई फुलांकडे कुठे वळली? जरा ऐकून घ्या.

आपला धानाचा जिल्हा. धानाच्या बियाण्याची चर्चा पुरुष चावडीवर करतात. पण अंगणातल्या झेंडूचं, तेरड्याचं, गुलबक्षीचं बी कोण धरतं? आपणच. निरोगी, भरपूर फुलणारं झाड आधी हेरायचं. त्याची चार-दोन फुलं तोडायची नाहीत. झेंडू झाडावरच तपकिरी होऊन वाळू द्यायचा. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं, म्हणून ते पिवळसर होताच अलगद काढायचं. गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी झाडाखाली वेचायचं. सगळं सावलीत वाळवायचं. बियांची वैरी ओल, आणि आपल्याकडे पाऊस भरपूर. म्हणून डब्याच्या तळाशी कोरडी राख, वर नाव आणि साल लिहिलेल्या कागदी पुड्या, आणि घट्ट झाकण. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून पाहायच्या. सात-आठांना कोंब आले तर बी चांगलं. बाजारच्या संकरित झेंडूचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी तशीच फुलं येत नाहीत.

हे ज्ञानच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी धान्याची, भाज्यांची गावठी बियाणी जपली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता माझ्या मनातली गोष्ट सांगते. आपल्या भागातल्या एका आजीकडून सगळी आळी झेंडूचं बी नेते. दसऱ्याला घरोघरी तिच्याच बियांची तोरणं. पण हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. मी विचारलं, "आजी, तुम्ही एखादं फूल का माळत नाही?" ती म्हणाली, "बुढा गेला, तवाच फूल गेलं बाई."

मला बोलता येईना. कारण त्याच आळीतल्या हळदीकुंकवाला मी जाऊन आले होते, आणि ती कुठे आहे, हे मी विचारलंही नव्हतं. बी तिचं, मेहनत तिची, अन् फुलावर हक्क मात्र नवऱ्याच्या श्वासावर अवलंबून!

हे बदलता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नको, बांगड्या फोडणं नको, मंगळसूत्र काढणं नको. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. पण नुसत्या ठरावाने आळी बदलत नाही. आळी आपण बदलायची.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरच्या बियांची एक पुडी आणावी. वाटप एकट्या बाईच्या हातून सुरू करू. आणि फूल सगळ्यांत आधी तिच्यापुढे धरू. जिला नको, तिच्यावर जबरदस्ती नाही. पण माळायचं की नाही, हे तिने ठरवायचं. गावाने नाही, आणि आपणही नाही.