बागलीचे आमदार



देवास हे नाव ऐकले की मराठी माणसाला पवारांच्या थोरल्या व धाकट्या पाती आठवतात, माता टेकडी आठवते, आणि १९४८ पासून अखेरपर्यंत तेथे राहिलेले कुमार गंधर्व आठवतात. धारचेही तसेच. ही दोन्ही पवारांची संस्थाने. तेव्हा तेथील निवडणुका म्हणजे राजवाड्याचाच कारभार, असे आपण इकडे बसून सहज धरून चालतो. हे अगदीच निराधार आहे असे नाही. थोरल्या पातीचे वंशज तुकोजीराव पवार १९९० साली देवासमधून विधानसभेवर गेले व नंतरच्या पाचही निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. २०१५ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी गायत्रीराजे तीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. २०१८ व २०२३ सालीही त्याच आल्या. गादी गेली, पण घरावरचा लोभ राहिला.

परंतु आज मी ज्या आमदारांविषयी बोलणार आहे, त्यांच्यामागे गादी नव्हती. त्याच देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस विंध्याच्या कडेवर बागली आहे. वर माळव्याची काळी जमीन, खाली नर्मदेकडे उतरत जाणारा भिल्ल-कोरकूंचा डोंगराळ मुलूख. तेथून कैलाश जोशी १९६२ पासून १९९३ पर्यंत आठ वेळा निवडून आले. सलग आठ वेळा, एकाच मतदारसंघातून.

जोशींचा जन्म १४ जुलै १९२९ चा, हाटपिपल्या गावचा. १९५१ साली जनसंघ निघाला, तेव्हापासून ते त्या पक्षात. १९५५ साली हाटपिपल्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि सात वर्षांनी आमदार. मध्य भारत हे राज्य १९५६ च्या नोव्हेंबरात नव्या मध्य प्रदेशात विलीन झाले होते. भोपाळचे सभागृह अजून नवे होते व काँग्रेसवाचून दुसऱ्या कोणाचे राज्य येईल ही कल्पना फारशी कोणाच्या मनात नव्हती. जोशी विरोधी बाकांवर बसले. पुढील छत्तीस वर्षांतील बहुतेक काळ ते तेथेच होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मतपत्रिकेवरील त्यांचे चिन्ह दोनदा बदलले. प्रथम जनसंघाचा दिवा, १९७७ साली जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी, १९८० पासून भाजपचे कमळ. (त्यांच्या चिरंजीवांचे नाव दीपक, हा योगायोग की निष्ठा, ते मी सांगू शकत नाही.) चिन्हे बदलली, पण माणूस एकाच वाटेने चालत होता. १९६७ मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसचे छत्तीस आमदार एकदम बाहेर पडले, द्वारकाप्रसाद मिश्रांचे मंत्रिमंडळ कोसळले, आणि पक्षांतर हा आमदारकीचा जणू जोडधंदा होऊन बसला. त्या पार्श्वभूमीवर एका वाटेने चालणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता आकडे पाहा. १९७२ साली विधानसभेच्या २९६ जागांपैकी जनसंघाला ४८ मिळाल्या. त्यांत बागली होती, व जोशी विरोधी पक्षनेते झाले. १९८५ साली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत, ३२० पैकी काँग्रेसला २५० जागा गेल्या, भाजपकडे ५८ राहिल्या; त्यांतही बागली होती. सारे राज्य एका दिशेने वाहत असता हा डोंगरकाठचा मतदार आपल्या जागी उभा राहिला. लाटेत निवडून येणे सोपे असते. लाट अंगावर येत असता निवडून येणाऱ्याला मतदाराने नावानिशी ओळखलेले असते, असे मला वाटते.

मधल्या काळात आणीबाणी आली. जोशी सुमारे महिनाभर भूमिगत राहिले, मग विधानसभेच्या दाराशीच त्यांनी स्वतःला अटक करवून घेतली. पुढचे १९ महिने मिसाखाली तुरुंगात गेले. सुटल्यावर २६ जून १९७७ रोजी ते मुख्यमंत्री झाले, आणि १७ जानेवारी १९७८ ला प्रकृतीच्या कारणाने पायउतार झाले. पुरते सात महिनेही नव्हेत! त्यांच्यानंतर सखलेचा आले, त्यानंतर पटवा. तीन वर्षांच्या आत तीन मुख्यमंत्री. चरित्रकोशात जोशींची नोंद 'माजी मुख्यमंत्री' अशी होते. छत्तीस वर्षांच्या कामावर सात महिन्यांची पाटी लावण्याचा हा प्रकार मला काहीसा विचित्र वाटतो. एकदा मुख्यमंत्री झालेला हा मनुष्य १९९० साली पटवांच्या हाताखाली साधा मंत्री म्हणून बसला, ह्यावरून त्याच्या स्वभावाची अधिक ओळख पटते.

त्यांना लोक 'राजकारणातील संत' म्हणत. आम्हा कॅथलिकांना हा शब्द ऐकून थोडे दचकायला होते. आमच्याकडे संतपद मरणानंतर व पुष्कळ चौकशीअंतीच मिळते, आणि त्या चौकशीत उमेदवाराविरुद्ध बाजू मांडणारा एक अधिकारीही पूर्वी नेमला जाई. आमदाराच्या बाबतीत ते काम मतदार दर पाच वर्षांनी करतो, आणि तेही तो जिवंत असताना.

बागलीच्या मतदाराने ते १९९८ साली केले. त्याच वर्षाच्या आरंभी जोशी राजगढहून लोकसभेला उभे राहून हरले होते. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि बागलीतही काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. ह्या पराभवाचे खापर लाटेवर फोडता येत नाही. १९९३ साली भाजपला राज्यात ११७ जागा होत्या, १९९८ साली ११९. पक्ष होता तेथेच होता, किंबहुना दोन जागांनी पुढे सरकला होता. बागली मात्र गेली. म्हणजे हा निर्णय भोपाळचा नव्हे, दिल्लीचा नव्हे. तो बागलीचा होता.

का, हे मतपेटी सांगत नाही. रस्ता, विहिरीचे पाणी, वीज, दवाखाना ह्या गोष्टींवरून सामान्य माणूस आमदाराला जोखतो. आम्हा शिक्षकांना तर आमदार प्रथम ठाऊक होतो तो बदलीच्या अर्जामुळे. विरोधी पक्षनेता, मुख्यमंत्री, मंत्री अशा पायऱ्या जो चढतो, त्याचे मुक्कामाचे गाव हळूहळू भोपाळ होते. मतदार हे पुष्कळ वर्षे सोसतो, काही काळ त्याचा अभिमानही बाळगतो. मग एके दिवशी सोसत नाही. हा माझा तर्क आहे. पण लाटेचे कारण नाहीसे झाल्यावर मला दुसरे पटण्याजोगे दिसत नाही.

शेजारच्या धारमध्ये तर २००८ साली याहून नवल घडले. तेथे भाजपच्या नीना वर्मा काँग्रेसच्या बालमुकुंदसिंह गौतमांपेक्षा एका मताने अधिक ठरल्या, एकाच! प्रकरण न्यायालयात गेले हे सांगावयास नकोच. गंमत अशी की त्याच महिन्यात राजस्थानात नाथद्वारा येथे सी. पी. जोशीही एका मताने पडले. त्या दिवशी शेतावर गेलेला, आजारी पडलेला, 'माझ्या एकट्याच्या मताने काय होणार' म्हणून ओसरीवर बसून राहिलेला धारचा प्रत्येक माणूस पुढे आपल्याशी काय बोलला असेल?

पराभवानंतर जोशी २००० साली राज्यसभेत गेले. २००४ व २००९ साली भोपाळमधून लोकसभेवर निवडून आले. बागलीची जागा २००३ मध्ये त्यांचे चिरंजीव दीपक जोशी यांनी परत जिंकली. देवासप्रमाणे येथेही घराणे रुजणार, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. परंतु मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००८ च्या निवडणुकीपासून बागली अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. ज्या मुलखाने एका ब्राह्मणाला आठदा निवडून दिले, त्याला आता आपल्यातलाच प्रतिनिधी पाठवायचा होता. दीपक जोशी हाटपिपल्याकडे वळले. तेथे दोनदा जिंकून २०१८ साली हरले.

कैलाश जोशी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी वारले. त्यांना नव्वद वर्षे पुरी झाली होती. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, २०२३ च्या मे महिन्यात, चिरंजीव वडिलांची तसबीर घेऊन काँग्रेसमध्ये गेले, खातेगावहून उभे राहिले व पडले. २०२४ साली ते भाजपमध्ये परतले. बागलीतून मात्र २००८ पासून दर निवडणुकीत भोपाळला जातो तो आदिवासी आमदार.