द्रोणागिरीच्या पायथ्याची भावकी



हनुमंताने नेलेल्या पर्वताचा एक तुकडा गळून द्रोणागिरी झाला, अशी कथा उरणच्या बाजूस सांगतात. आज आम्ही त्याच्या पायथ्याच्या पाण्यातील दुसरी एक कुळकथा सांगणार आहोत.

समजा, करंजाच्या कोळ्याच्या जाळ्यात एक चिंबोरी आणि एक तारामासा आला. यांपैकी आपल्या जवळचा कोण? कोणीही चिंबोरीच म्हणेल. तिला पाय आहेत, डोळे आहेत, डावे-उजवे अंग आहे. तारामाशाला ना डोके, ना मेंदू. तरीही आपल्या भावकीत बसतो तो तारामासाच!

याची साक्ष गर्भ देतो. तारामाशाच्या गर्भाला प्रथम जे छिद्र पडते, तेथे गुदद्वार होते. तोंड मागाहून दुसरीकडे फुटते. पृष्ठवंशी प्राण्यांच्या कुळाचीही मूळ रीत हीच. शिवाय तारामाशाच्या अळीला डावे-उजवे अंग असते. पाच भुजा नंतरच्या. जनुकांची साक्षही याच बाजूची आहे.

समुद्रातील खडकांना, होड्यांच्या तळांना चिकटणारा ॲसिडियन पाहा. पाणी आत घेणारी व बाहेर टाकणारी ही पिशवी पूर्वी शिंपल्यांच्या वर्गात घालीत. १८६६ साली कोव्हालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखविले की, तिच्या पोहणाऱ्या अळीच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो. अळी एका जागी चिकटली की तो नाहीसा होतो. आपल्याही गर्भात हा रज्जू असतो. पुढे त्याच्या जागी मणके येतात आणि मणक्यांमधील चकत्यांच्या गाभ्यात त्याची खूण उरते.

राहता राहिली खाजणातील निवटी. ती ओल्या त्वचेतून श्वास घेते, परांवर चिखलातून चालते. तिला आपली पूर्वज मानण्याची चूक मात्र करू नये. आपल्या पूर्वजांनी सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी जमिनीची वाट धरली. निवटीने ती पुढे स्वतंत्रपणे शोधली. ती आपली चुलत बहीण.

१९७० साली सिडको स्थापन झाली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि या भागातील कितीतरी खाजणांवर भराव पडला. घरे, बंदरे नकोत असे आमचे म्हणणे नाही. परंतु खाजण म्हणजे पडीक जमीन, हा समज तरी आपण सोडू या. ओहोटीच्या वेळी मुलांना एकदा त्याच्या काठावर न्या. ज्या घरी आपली भावकी नांदते, तेथे भराव टाकण्यापूर्वी निदान ओळख तरी व्हावी.